दोन वर्षांची खुर्ची: हायकोर्टाच्या न्यायाधीशाला कायम कोण करतं?

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले 'म्हणजे', 'हां', 'थांबा जरा' काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

संगमेश्वरातून बोलतोय. आज पाऊस नाहीये, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येणार नाही. हायवेवरचा एखादा ट्रक ऐकू आला तर सांभाळून घ्या.

मागच्या भागानंतर देवरुखच्या एका श्रोतीने व्हॉइस नोट पाठवली. ती लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, "दादा, कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, छान झालं. पण तिथे जे न्यायमूर्ती बसणार, त्यांना नेमतं कोण? आणि नेमणारा नाराज झाला तर त्यांना काढू शकतो का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं पुस्तकातलं उत्तर 'नाही' असं आहे, आणि खरं उत्तर थोडं वेगळं आहे. आजचा भाग त्या 'थोडं वेगळं' वर.

आधी आपल्या घराजवळून सुरू करू. आपल्या तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण कचेऱ्या देवरुखला, कोर्टसुद्धा देवरुखला. तिथे बसतात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. ते एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. पेपर, मुलाखत, निकाल, यादी. आपण नाव शोधू शकतो, मार्क बघू शकतो. त्याच्या वर रत्नागिरीचं जिल्हा न्यायालय. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक कागदावर राज्यपाल करतात, पण हायकोर्टाशी सल्लामसलत करून. घटनेचं कलम २३३. तिथेही परीक्षा आहे, बढती आहे, काहीतरी मोजपट्टी आहे.

आता त्याच्या वर चढा. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याची हायकोर्टातली प्रकरणं मुंबईऐवजी कोल्हापूरला चालतात. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, असे सहा जिल्हे. म्हणजे जमिनीच्या दाव्यासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जाणारा आपल्याकडचा माणूस आता साखरप्यावरून आंबा घाट चढतो आणि त्याच दिवशी परत येऊ शकतो. ही सोय मोठी आहे, मी कमी लेखत नाही. पण कोर्ट जवळ आलं तरी तिथल्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवण्याची जागा दिल्लीतच आहे. आणि तिथे परीक्षा नाही. जाहिरात नाही. अर्ज करता येत नाही. यादी लागत नाही.

कसं होतं ते पटकन सांगतो. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्यानंतरचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती बसतात, नावं सुचवतात. काही नावं वकिलांमधून, काही जिल्हा न्यायाधीशांमधून. ती नावं मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातात, मग केंद्राच्या कायदा मंत्रालयाकडे. तिथे गुप्तचर विभाग माणसाची माहिती काढतो. मग फाईल सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमकडे, म्हणजे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. (सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश नेमायचा असेल तर सरन्यायाधीश आणि चार.) त्यांनी होकार दिला की फाईल पुन्हा सरकारकडे, शेवटी राष्ट्रपतींची सही. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करायलाच हवी. किती दिवसांत करायची याचं बंधन मात्र प्रत्यक्षात पाळलं जात नाही. ही फट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर येतो.

एकदा कायम नेमणूक झाली की न्यायाधीश भक्कम. हायकोर्टात ६२ व्या वर्षापर्यंत, सुप्रीम कोर्टात ६५ व्या वर्षापर्यंत. काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. पगार कमी करता येत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे, म्हणजे निकाल लिहिताना माणसाने खिडकीबाहेर बघू नये.

पण घटनेत कलम २२४ पण आहे. हायकोर्टात काम तात्पुरतं वाढलं किंवा प्रकरणं तुंबली, तर 'अतिरिक्त न्यायाधीश' नेमता येतात. जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आता आपल्या देशात प्रकरणं 'तात्पुरती' तुंबलेली कधी बघितलीत? ती कायमचीच तुंबलेली आहेत, त्यामुळे हा तात्पुरता दरवाजाच मुख्य दरवाजा झाला. हायकोर्टात येणारा बहुतेक प्रत्येक नवा न्यायाधीश आधी अतिरिक्त म्हणून येतो, दोन वर्षं काम करतो, मग कायम होतो. कलमात 'प्रोबेशन' हा शब्द नाही. वापर मात्र तसाच होतो.

म्हणजे दोन वर्षं तो माणूस सरकारविरुद्धचे खटले ऐकतो, जामीन देतो किंवा नाकारतो, आणि त्याच वेळी त्याची फाईल कुठल्यातरी टेबलावर असते. त्या फाईलने दोन माणसांचं काय केलं, ते सांगतो. दोघंही आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचे, मध्ये पंचेचाळीसेक वर्षांचं अंतर.

पहिले उमेश रंगनाथ लळित. लळित घराणं मूळचं देवगड तालुक्यातल्या गिर्ये-कोठारवाडीचं, विजयदुर्गाच्या बाजूचं. आज तो सिंधुदुर्ग, पण १ मे १९८१ पर्यंत आपलाच रत्नागिरी जिल्हा. घराणं वकिलीसाठी सोलापूरला स्थिरावलं. उमेश लळित सत्तरच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाले, आणि जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर यांना, डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केलं होतं. केशवानंद भारतीचा निकाल लागून एक-दोन दिवस झाले होते, आणि डावललेले तिघंही सरकारला न आवडलेल्या बाजूचे. संदेश समजायला कोणाला वकील व्हायची गरज नव्हती. १९७६ मध्ये हायकोर्टांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. आणि एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणूस आपल्या अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागू शकत नाही. विरोधातले एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढच्या जानेवारीत तेही डावलले गेले.

या वातावरणात लळितांनी राजद्रोहाच्या प्रकरणात पकडलेल्या तरुण पोरांना जामीन दिला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. मुदत संपली, आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. दिल्ली हायकोर्टाचे न्या. आर. एन. अगरवाल यांचंही तेच झालं. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेचं प्रकरण त्यांच्या खंडपीठापुढे होतं. अगरवालांना तर परत सत्र न्यायाधीश म्हणून खाली पाठवलं.

इथे एक गोष्ट बघा. लळितांना कोणी 'काढलं' नाही. संसदेत ठराव नाही, आरोपपत्र नाही, चौकशी नाही. फक्त एक कागद निघाला नाही. म्हणून म्हटलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं वेगळं आहे. कायम न्यायाधीशाला काढायला दोन सभागृहं लागतात, अतिरिक्त न्यायाधीशाच्या बाबतीत नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

लळित दिल्लीला गेले, सुप्रीम कोर्टात ज्येष्ठ वकील झाले. त्यांचा मुलगा उदय ऑगस्ट २०२२ मध्ये देशाचा ४९ वा सरन्यायाधीश झाला. मुदत मिळाली ७४ दिवसांची. ती गोष्ट पण मजेशीर आहे, तिच्याकडे येतोच.

आणीबाणी संपली तरी हा दरवाजा कोणी बंद केला नाही. मार्च १९८१ मध्ये कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक पाठवलं. सार असा, की अतिरिक्त न्यायाधीशांना विचारा, दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टात कायम व्हायला तयार आहात का. वरवर साधं विचारणं. पण ज्याची मुदत संपत आलीये त्याला असं विचारणं म्हणजे काय, ते कंत्राटावर नोकरी करणाऱ्या कुणालाही कळेल. मुंबईत वकील इक्बाल छागला आणि इतर कोर्टात गेले. तिकडे दिल्लीत काही अतिरिक्त न्यायाधीशांना फक्त तीन महिन्यांची मुदतवाढ दिली होती, त्याविरुद्ध व्ही. एम. तारकुंडे उभे राहिले. तारकुंडे आपले सासवडचे, एकेकाळी स्वतः मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती होते. ही सगळी प्रकरणं एकत्र झाली आणि डिसेंबर १९८१ मध्ये निकाल लागला. त्याला 'एस. पी. गुप्ता' किंवा पहिला न्यायाधीश खटला म्हणतात. निकालाचा अर्थ थोडक्यात असा की नेमणुकीत शेवटचा शब्द सरकारचा.

१९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे उलटं केलं आणि सरन्यायाधीश व ज्येष्ठ न्यायमूर्तींचा शब्द वरचढ ठरवला. १९९८ मध्ये त्याचे नियम पक्के झाले. तेच आजचं कॉलेजियम. हा शब्द घटनेत शोधू नका, सापडणार नाही. २०१४ मध्ये संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, त्यात कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असणार होत्या. १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने तो रद्द केला. त्यातल्या एकट्या न्या. चेलमेश्वर यांची तक्रार होती की कॉलेजियमचा कारभार बाहेरच्याला दिसतच नाही. पुढच्या वर्षी त्यांनी कॉलेजियमच्या बैठकांना जाणंच थांबवलं.

तर आता दुसरी गोष्ट. मला वाटतं तिच्यामुळे पहिली जास्त नीट कळते.

पुष्पा गनेडीवाला जिल्हा न्यायाधीश होत्या. २०१९ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाल्या, नागपूर खंडपीठात बसायच्या. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी एक निकाल दिला, तुम्ही बातम्यांत वाचला असेल. कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेशी संबंध नसेल तर, पॉक्सो कायद्याखाली लैंगिक हल्ला ठरत नाही, असा. देशभर संताप झाला. सुप्रीम कोर्टाने आधी स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला. रद्द केला ते बरोबरच केलं. मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा तो अर्थ लावणं भयंकर होतं.

पण खुर्चीचं काय झालं बघा. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने त्याच जानेवारीत केली होती. ती मागे घेतली. नेहमीप्रमाणे दोन वर्षं न देता एकच वर्ष वाढवून दिलं. ते संपत आलं तेव्हा पुढची शिफारस आली नाही. परत जिल्हा न्यायाधीश व्हायचं किंवा सोडायचं, एवढेच रस्ते होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता तुम्ही म्हणाल, दोन्हींची तुलना कशी? एकाने स्वातंत्र्याच्या बाजूने निकाल दिला, दुसरीने मुलांच्या विरोधात. एक गोष्ट सरकारने केली, दुसरी न्यायमूर्तींनीच. मान्य. माझ्या मनात दोन्ही निकालांबद्दल सारखी भावना नाही. पण यंत्र तेच आहे. निकाल दिला, आणि खुर्ची गेली. कागद निघाला नाही. पहिल्या वेळी आपण 'अन्याय' म्हणतो, दुसऱ्या वेळी 'बरं झालं'. पण आज कुठल्यातरी हायकोर्टात बसलेल्या अतिरिक्त न्यायाधीशाला दोन्हीतून एकच गोष्ट ऐकू येते: मुदत संपेपर्यंत गाजणारा निकाल देऊ नको. चुकीचा निकाल दुरुस्त करायला अपील असतं, आणि ते इथे झालंही. आवडणारा निकाल असो की न आवडणारा, न्यायाधीशाची नोकरी निकालाला बांधली की पुढचा निकाल भीतीने लिहिला जातो.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. एखादा माणूस त्या खुर्चीला खरंच लायक नसेल तर? एकदा कायम झाला की ६२ पर्यंत काढता येणार नाही, मग दोन वर्षं बघून घेतलेलं वाईट काय? हा युक्तिवाद मला पूर्ण खोटा वाटत नाही. पण मग तसं लिहा की! निकष जाहीर करा, कारण लेखी द्या, त्या न्यायाधीशाचं म्हणणं ऐका. देवरुखच्या न्यायाधीशाची निवड यादीत दिसते आणि कोल्हापूरच्या न्यायमूर्तींचं कायम न होणं कुठेच दिसत नाही, हे उलटं आहे.

मघाशी म्हटलेली फट आता बघू. सरकारने नकार न देता फाईल फक्त ठेवून दिली तर? वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव मुंबई हायकोर्टाच्या कॉलेजियमने २०२१ मध्ये सुचवलं. सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने फेब्रुवारी २०२२ मध्ये होकार दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने नाव परत पाठवलं. आक्षेप असा की त्यांनी सोशल मीडियावर मतं मांडली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं, आणि या वेळी कारणं जाहीर लिहिली: मत मांडणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, त्याने कोणी अपात्र होत नाही. नियमाप्रमाणे आता सही व्हायला हवी होती. ती व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्यासारख्या, दिवसाला दहा पोस्ट टाकणाऱ्या पिढीने ही गोष्ट लक्षात ठेवावी. तुमच्यातलं कोणी वीस वर्षांनी त्या यादीत असेल, तेव्हा आजचा फोन कोणीतरी चाळणार आहे.

हायकोर्टातल्या ज्येष्ठांचंही तसंच होतं. न्या. अकील कुरेशी मुंबई हायकोर्टात होते तेव्हा, मे २०१९ मध्ये, मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्यांची शिफारस झाली. सरकारने केली नाही. शेवटी कॉलेजियमनेच शिफारस बदलली आणि ते त्रिपुराला गेले. मध्य प्रदेशसारख्या मोठ्या हायकोर्टाऐवजी देशातल्या सगळ्यात लहान हायकोर्टांपैकी एक.

आता धाकट्या लळितांची ७४ दिवसांची गोष्ट. सप्टेंबर २०२२ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमपुढे अकरा नावं होती. एका नावावर, दीपांकर दत्ता यांच्यावर, एकमत झालं. ते तेव्हा मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बाकीची नावं ३० सप्टेंबरला घ्यायची ठरली. त्या दिवशी न्या. धनंजय चंद्रचूड रात्री नऊनंतरपर्यंत कोर्टात खटले ऐकत बसले होते, बैठक झाली नाही. सरन्यायाधीशांनी मग पत्र फिरवून संमती मागितली. दोघांनी दिली. दोघांनी, त्यात चंद्रचूडही, कळवलं की न्यायाधीशांची निवड अशी पत्र फिरवून करू नये. तेवढ्यात कायदामंत्र्यांचं पत्र आलं की तुमचा उत्तराधिकारी सुचवा. रूढी अशी की असं पत्र आलं की मावळत्या सरन्यायाधीशांनी नवी नावं पुढे नेऊ नयेत. विषय मिटला. हे सगळं कॉलेजियमनेच निवेदन काढून सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. देशातल्या सर्वोच्च खुर्च्यांची निवड बैठकीची वेळ जमली नाही म्हणून राहू शकते, हे वाचून मी तरी थोडा वेळ गप्प बसलो होतो.

चंद्रचूड नाव आलंच आहे तर एक सांगतो. १९७६ च्या त्या चार विरुद्ध एक निकालात चारांपैकी एक होते यशवंत चंद्रचूड, धनंजय यांचे वडील. १९७८ मध्ये त्यांची सरन्यायाधीश व्हायची पाळी आली तेव्हा मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी विरोध केला होता, आणीबाणीत असा निकाल देणारा नको म्हणून. जनता सरकारने तरीही ज्येष्ठता पाळली. आणीबाणीत तुरुंगात गेलेले लोक त्या सरकारात होते. त्यांना बदला घेता आला असता, कायद्याने रोखणारं कोणी नव्हतं. घेतला नाही. यशवंतराव सात वर्षांहून जास्त सरन्यायाधीश राहिले, आजवर सगळ्यात जास्त. आणि तो १९७६ चा निकाल २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, चुकीचा होता असं लिहून मोडीत काढला गेला. लिहिणाऱ्यांत मुलगाही होता. वेळ लागला, एकेचाळीस वर्षं, पण दुरुस्ती निकालानेच झाली.

माझं मत विचाराल तर सरकारच्या हातात शेवटचा शब्द परत द्यावा असं मला वाटत नाही. हायकोर्टात सगळ्यात जास्त खटल्यांत एक बाजू सरकारच असते. पण बंद खोलीतली पाच माणसं आणि कारण न देता अडलेली फाईल, यालाच स्वातंत्र्य म्हणा असं कोणी सांगितलं तर तेही पटत नाही.

आता कामाचं. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाईटवर कॉलेजियमची निवेदनं २०१७ पासून टाकली जातात. फोनवर उघडतात, मोफत आहेत. मुंबई हायकोर्टाचं नाव शोधा. कोणाला 'कायम' केलं, कोणाला 'आणखी एक वर्ष अतिरिक्त' दिलं ते बघा. एक वर्ष दिसलं की थांबा आणि कारण लिहिलंय का ते वाचा. बहुतेक वेळा दोन-तीन ओळीच असतात. मे २०२५ मध्ये तिथे आधीच्या अडीच वर्षांच्या शिफारसींची यादीही टाकली गेली, त्यात उमेदवाराचं कोणी नातेवाईक न्यायाधीश आहे का याचा रकाना आहे. तो रकाना आधी नव्हता. मुंबई हायकोर्टाची मंजूर संख्या ९४ आहे, त्यातल्या किती खुर्च्या आज भरलेल्या आहेत तेही त्यांच्या साईटवरच्या नावांवरून मोजता येतं. कोल्हापूरला आपली प्रकरणं किती भराभर चालतील ते त्या आकड्यावर बरंचसं अवलंबून आहे.

श्रोतीला माझा एक प्रश्न: तुमच्या कॉलेजात कलम २२४ शिकवताना लळितांचं नाव घेतात का? व्हॉइस नोट पाठव. पुढच्या भागात देवरुखच्या कोर्टात दावा दाखल करायला नेमके कोणते कागद लागतात ते बघू. चला, भेटू.